‘सायक्लोन’ : शब्द, अर्थ आणि उपयोग



वैशाखांतील एखाद्या दुपारीं आकाश एकाएकीं भरून येतें, धुळीचा लोट उठतो, घटकाभरांत पटांगणांतील लिंबाची फांदी मोडून पडते, शेजारच्या गोठ्याचे पत्रे उडतात, टपोरे थेंब पडतात आणि दिवेलागणीस पुन्हां सारें शांत होतें. दुसऱ्या दिवशीं निबंधाच्या वहींत वाक्य येतें, “काल आमच्या गांवीं मोठें सायक्लोन झालें.” वही तपासणारे गुरुजी त्या शब्दाखालीं तांबडी रेघ ओढतात. मुलाला वाटतें, इंग्रजी शब्द गुरुजींस रुचला नसावा. म्हणून पुढच्या खेपेस तो ‘चक्रीवादळ’ असें लिहितो. पुन्हां तांबडी रेघ! मूल गोंधळून जातें. त्याची चूक भाषेची नव्हती, ती वस्तूची होती. जें झालें तें चक्रीवादळ नव्हतेंच.

ही चूक लहान आहे असें पुष्कळांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, हा शब्द आपल्या नांदेड-लातुराकडे दोन प्रकारांनीं चुकविला जातो. जेथें ती वस्तु नाहीं तेथें तो सर्रास लावला जातो, आणि जेथें ती वस्तु खरोखरच येऊन ठेपते तेथें “तें समुद्राकाठच्या लोकांचें संकट, आपल्याला त्याचें काय?” असें म्हणून तो सोडून दिला जातो. पहिल्या चुकीनें परीक्षेंतील गुण जातात. दुसरीनें प्रसंगीं गुरें, पीक आणि माणूसही जातो.

प्रथम या शब्दाची जन्मकथा पाहूं. इंग्रजी भाषा जुनी असली तरी हा शब्द तींत फार जुना नाहीं, आणि तो विलायतेंत जन्मलेला नसून आपल्याच देशांत, कलकत्त्यास जन्मलेला आहे. हेन्‍री पिडिंग्टन नांवाचे एक गृहस्थ पूर्वीं जहाजावरील अधिकारी होते; पुढें ते कलकत्त्यास स्थायिक झाले आणि बंगालच्या उपसागरांतील वादळांचा त्यांनीं वर्षानुवर्षें अभ्यास केला. बुडालेल्या व बचावलेल्या जहाजांच्या नोंदवह्या ते जुळवीत व कोणत्या घटकेस कोठें कोणत्या दिशेचा वारा होता, हें नकाशावर मांडून पाहात. त्यावरून त्यांस दिसून आलें कीं, हीं मोठीं वादळें सरळ वाहत नाहींत. वारा एका मध्याभोंवतीं गरगर फिरत असतो आणि तो सबंध भोंवरा पुढें सरकत असतो. १८४८ सालीं खलाशांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत त्यांनीं या प्रकारास ‘सायक्लोन’ असें नांव सुचविलें. त्याकरितां त्यांनीं ग्रीक भाषेंतील ‘कुक्लोस’ हा शब्द घेतला. त्याचा अर्थ वर्तुळ. आणि सापाचें वेटोळें हाही अर्थ पिडिंग्टन यांच्या मनांत होता.

हें नांव त्यांनीं हौसेखातर काढलें नाहीं. जुने खलाशी जें शब्द वापरीत ते वाऱ्याचा जोर सांगत, परंतु त्याचें फिरणें सांगत नसत. आणि जहाज वांचवायचें तर फिरणेंच आधीं कळावें लागतें. वादळाचा मध्य कोणत्या बाजूस आहे हें समजल्यावांचून सुकाणूं कोणीकडे वळवावें हें ठरत नाहीं. म्हणून त्या पुस्तकासोबत शिंगाच्या पारदर्शक चकत्या दिलेल्या असत. त्यांवर वाऱ्याचीं वर्तुळें काढलेलीं असत आणि खलाशानें ती चकती नकाशावर ठेवून आपलें जहाज भोंवऱ्याच्या कोणत्या भागांत सांपडलें आहे तें ताडून पाहावें. सारांश, हा शब्द माणसाचा जीव वांचविण्याचें एक हत्यार म्हणून घडविला गेला. हत्याराची धार बोथट होऊं देणें हें शहाणपणाचें नव्हे.

आतां कोणी म्हणेल, परका शब्द हवाच कशाला? आमच्या मतें परकेपणाची ही तक्रार टिकणारी नाहीं. ग्रीकांचा ‘कुक्लोस’ आणि आपलें ‘चक्र’ हीं दोन्हीं एकाच प्राचीन मुळापासून निघालेलीं भावंडें आहेत, असें भाषाशास्त्र सांगतें. तेव्हां ‘चक्रीवादळ’ म्हटल्यानें आपण भाषांतरही करतों आणि जुनें नातेंही जागें करतों. जें ‘तुफान’ आपण घरचें म्हणून वापरतों, तें अरबींतून फारशीच्या वाटेनें आलें. १९४८ पर्यंत येथें निजामाचें राज्य होतें व उर्दू ही दरबारची भाषा होती; त्यामुळें तो शब्द आपल्या मुलखांत इतका मुरला कीं त्यास आज कोणी परका म्हणणार नाहीं. गंमत अशी कीं, अरबींत ‘तुफान’ याचा अर्थ महापूर, जलप्रलय असा आहे. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें ती उपयोगीं पडेल. चीन-जपानाकडील वादळांस इंग्रज ‘टायफून’ म्हणतात. त्या शब्दाच्या घडणींतही या तुफानाचा वांटा आहे. अमेरिकेकडील तशाच वादळांस ‘हरिकेन’ म्हणतात. तो शब्द वेस्ट इंडीज बेटांतील मूळच्या रहिवाशांच्या बोलींतून स्पॅनिश लोकांनीं उचलला. वाऱ्यांत न विझणारा म्हणून ज्यास ‘हरिकेन कंदील’ म्हणत, तो आपल्या आजोबांच्या ओसरीवर टांगलेला असे. समुद्र न पाहिलेल्या घरांतही तें नांव असें येऊन पोंचलें होतें. सायक्लोन, टायफून व हरिकेन हीं तीन निरनिराळीं संकटें नव्हेत. एकाच संकटाचीं तीन समुद्रांवरील तीन नांवें आहेत. ‘टॉर्नेडो’ मात्र निराळा. तो मेघगर्जनेच्या ढगांतून जमिनीपर्यंत लोंबणारा अरुंद व अतिवेगवान भोंवरा होय.

मग सायक्लोन म्हणजे नेमकें काय? उष्ण समुद्राचें पाणी वाफ होऊन वर चढतें. वर गार होतांच त्या वाफेचें पुन्हां पाणी होतें, आणि तसें होतांना तिच्यांत सांठलेली उष्णता मोकळी होते. त्या उष्णतेनें हवा आणखी वर चढते, खालीं दाब कमी होतो आणि चोहों बाजूंची हवा तिकडे धांव घेते. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें ही धांव सरळ राहत नाहीं. आपल्या उत्तर गोलार्धांत ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनें वळते. असा भोंवरा तयार होण्यास समुद्राचें पाणी सुमारें साडेसव्वीस अंश सेल्सिअसपेक्षां उष्ण असावें लागतें. यावरून एक गोष्ट उघड होते : याचा जन्म समुद्रावरच होतो, कोणत्याही शेतांत किंवा पटांगणांत होत नाहीं.

आपल्या हवामान खात्याची स्थापना १८७५ सालीं झाली. १८६४ च्या कलकत्त्याच्या भयंकर सायक्लोननें व त्यानंतरच्या दुष्काळांनीं सरकारास ती गरज पटविली. या खात्यानें वाऱ्याच्या वेगावरून पायऱ्या ठरविल्या आहेत. ताशीं ३१ ते ५० किलोमीटरपर्यंत ‘डिप्रेशन’, म्हणजे कमी दाबाचें तीव्र क्षेत्र. ५१ ते ६२ पर्यंत त्याहून तीव्र. आणि ६३ च्या पुढें गेल्यावरच ‘चक्रीवादळ’. त्यापुढें तीव्र, अतितीव्र अशा पायऱ्या चढत जाऊन २२२ च्या वर ‘सुपर सायक्लोन’. ६३ ची पायरी ओलांडल्यावरच त्यास ‘निसर्ग’, ‘तौक्ते’ असें विशेषनाम मिळतें. उत्तर हिंदी महासागरांत ही नामकरणाची पद्धति २००४ पासून चालू झाली, आणि २०२० सालीं तेरा देशांनीं मिळून १६९ नांवांची नवी यादी केली.

हें समजल्यावर आपल्याकडील वाऱ्यांकडे पाहा. उन्हानें तापलेल्या रानांतून धुळीचा खांब उभा राहतो व पाचोळा नाचवीत जातो, ती वावटळ. तींत भूत असतें असें आजीबाई सांगत. असते ती तापलेली हवा. तिचा पसारा कांहीं हातांचा व आयुष्य कांहीं मिनिटांचें. वळवाचा पाऊस घेऊन येणारें वादळ हें ढगाचें अपत्य. त्याचा पसारा कांहीं मैलांचा आणि आयुष्य तास-दोन तासांचें. त्याच ढगांत वर चढणारी हवा फार जोराची असली म्हणजे पाण्याचे थेंब पुनःपुन्हां उंच जाऊन गोठतात व गारा होऊन कोसळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मराठवाड्यावर जी गारपीट झाली, तींत हातातोंडाशीं आलेला गहू, हरभरा, ज्वारी व द्राक्षबागा झोडपून निघाल्या. पांखरें व जनावरेंही मेलीं. ती आपत्ति कोणत्याही चक्रीवादळापेक्षां कमी नव्हती. पण ती चक्रीवादळ नव्हती, गारपीट होती. चक्रीवादळाचा पसारा शेंकडों किलोमीटरांचा, आणि आयुष्य दिवसांनीं मोजावयाचें. मिनिटें, तास आणि दिवस; हात, मैल आणि शेंकडों किलोमीटर : एवढें माप लक्षांत ठेवलें तर शब्दाची चूक सहसा होणार नाहीं.

येथवर पहिल्या चुकीचा विचार झाला. दुसरी चूक आम्हांस अधिक गंभीर वाटते, आणि तिचें उदाहरण दूर शोधण्याचें कारण नाहीं.

२०२१ च्या सप्टेंबरांत बंगालच्या उपसागरांत एक चक्रीवादळ झालें. त्याचें नांव ‘गुलाब’. पाकिस्तानानें यादींत दिलेलें तें नांव होतें. २६ सप्टेंबर, रविवारीं रात्रीं तें आंध्रच्या उत्तर भागांत कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलें. जमिनीवर येतांच समुद्राची वाफ तुटली, वाऱ्याचा जोर ओसरला, आणि तें ‘कमजोर झालें’ अशी बातमी आली. बातमी खरी होती. पण ‘कमजोर’ झाला तो वारा, पाऊस नव्हे. तो भोंवरा पाण्यानें भरलेल्या पखालीसारखा तेलंगणावरून पश्चिमेस सरकला व २७ आणि २८ सप्टेंबर रोजीं मराठवाड्यावर रिता झाला. मांजरा धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले. लातूर जिल्ह्यांत मांजरेकाठच्या सारसा गांवीं माणसें पाण्यानें वेढलीं गेलीं व त्यांस होड्यांनीं बाहेर काढावें लागलें. पिकून तयार असलेलें सोयाबीन शेतांतच पाण्याखालीं गेलें. ज्यांचें कापून झालें होतें त्यांच्या गंजी भिजल्या, वाहून गेल्या. ज्या मांजरा धरणाच्या कोरड्या पात्रामुळें २०१६ सालीं लातूरकरांस मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें, त्याच धरणाची ही गोष्ट.

आणि तो भोंवरा तरी तेथें संपला काय? नाहीं. मराठवाडा व खानदेश ओलांडून त्याचा अवशेष अरबी समुद्रावर गेला, तेथें त्यास पुन्हां उष्ण पाणी मिळालें, आणि १ ऑक्टोबरास तो पुन्हां चक्रीवादळ झाला. मधल्या काळांत जुनी ओळख संपली होती, म्हणून आतां त्यास यादींतील पुढचें नांव, कतारनें दिलेलें ‘शाहीन’, मिळालें. ३ ऑक्टोबर रोजीं तें ओमानच्या किनाऱ्यावर धडकलें. म्हणजे आंध्रांत त्यास एक नांव, ओमानांत दुसरें नांव, आणि मध्यें आमच्या डोक्यावरून जातांना त्यास नांवच नव्हतें! शास्त्राच्या दृष्टीनें यांत कांहीं गैर नाहीं. ठरलेल्या पायरीखालीं उतरलें कीं नांव जातें, हा नियमच आहे. परंतु नांव गेलें म्हणजे संकट गेलें, असा अर्थ ऐकणाऱ्यानें काढला तर दोष नियमाचा नव्हे, अर्धवट समजुतीचा. वर सांगितलेला ‘तुफान’ शब्दाचा मूळ अर्थ येथें आठवावा. ज्या भाषेनें वारा आणि महापूर यांस एकाच शब्दांत बांधलें, तिला या संकटाचीं दोन्हीं अंगें ठाऊक होतीं. किनाऱ्यास तें वारा म्हणून भेटतें, आम्हांस तें पाणी म्हणून भेटतें.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातील, ते आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. पहिला असा कीं, बोलीला मोकळीक हवी. खेळाडूनें तुफानी खेळ केला, सभेंत शब्दांचें वादळ उठलें, असें आपण म्हणतोंच ना? अवश्य म्हणावें. अलंकारांत कोणी फसत नाहीं. सभेंतील वादळ ऐकून कोणी गुरें सोडीत नाहीं किंवा पत्र्यावर धोंडे ठेवीत नाहीं. आमचें म्हणणें फक्त तेथपुरतें आहे, जेथें शब्द ऐकून माणसास कांहीं करावयाचें असतें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. “ज्याचा गोठा उडाला, ज्याचें सोयाबीन सडलें, त्याला तें चक्रीवादळ होतें कीं वळीव होता, यानें काय फरक पडतो?” शेतकऱ्याचें हें दुःख आम्ही जाणतों, आणि त्या घटकेस खरोखर कांहीं फरक पडत नाहीं. परंतु त्या घटकेच्या आधीं पडतो, आणि नंतरही पडतो. आधीं असा कीं, वळिवाची चाहूल फार तर कांहीं तास आधीं लागते. तेव्हां झाडाखालून व उघड्या रानांतून निघून पक्क्या घरांत जावें, एवढेंच करतां येतें. चक्रीवादळाची वार्ता मात्र दिवसांगणिक आधीं येते. आंध्राच्या किनाऱ्यावर रविवारीं रात्रीं जें आलें, तें मांजरेच्या पात्रांत मंगळवारीं उतरलें. मधला तो वेळ नदीकाठची मोटार वर काढण्यास, जनावरें उंचावर नेण्यास व गंजी झांकण्यास पुरेसा होता. नंतर असा कीं, कागद शब्दावर चालतो. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या नियमांत, कापून शेतांत पसरलेल्या पिकाची काढणीपासून चौदा दिवसांच्या आंत हानि झाल्यास तिचीं कारणें नांवानिशीं दिलेलीं होतीं : गारपीट, चक्रीवादळ, चक्रीवादळाचा पाऊस आणि अवकाळी पाऊस. शेत जलमय झाल्यास त्याचा उल्लेख निराळा होता. आणि २०२१ सालीं अशा हानीची वर्दी ७२ तासांच्या आंत द्यावी लागे. तीन दिवसांत योग्य शब्द कागदावर पडणें, ही ज्या घरीं वर्षाच्या कमाईची गोष्ट आहे, तेथें शब्दार्थ ही पंडितांची करमणूक राहत नाहीं.

आणखी एक आठवण देतों. १९९३ च्या ३० सप्टेंबरापूर्वीं ‘भूकंप’ हा शब्दही आपल्याकडे पुस्तकांतला शब्द होता. दख्खनचें पठार पक्कें, येथें धरणी हालत नाहीं, अशी समजूत होती. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन करून लोक निजले आणि पहांटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर व आसपासचीं गांवें मातीच्या व दगडांच्या घरांखालीं गाडलीं गेलीं. हजारों माणसें दगावलीं. जो शब्द आपण दुसऱ्यांचा म्हणून बाजूस ठेवला होता, तो एका रात्रींत आपला झाला. ज्या घरांनीं तें दुःख भोगलें तीं या जिल्ह्यांत आजही आहेत. भूकंप सांगून येत नाहीं; तेथें मनुष्य हतबल होता. चक्रीवादळ सांगून येतें. सांगितलेलें समजलें नाहीं, तर तो दोष मात्र आपला.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें आहे कीं, वादळाविषयीं लिहितांना तीन प्रश्न स्वतःस विचारावे : तें जन्मलें कोठें, त्याचा पसारा किती, आणि तें टिकलें किती वेळ? उत्तरें मिळालीं कीं शब्द आपोआप हातीं येतो. वावटळीस वावटळ म्हणण्यांत कमीपणा नाहीं. वावधान, वळीव, गारपीट, झंझावात असे भरलेल्या कणगीसारखे शब्द घरांत असतां सर्वांच्या जागीं एकच शब्द वापरणें हें दारिद्र्याचें लक्षण होय, विद्वत्तेचें नव्हे. पालकांस विनंति अशी कीं, बंगालच्या उपसागरांत किंवा अरबी समुद्रांत चक्रीवादळ झाल्याची वार्ता ऐकली म्हणजे “तें तिकडचें” असें म्हणून बातमी बंद करूं नये. तें पुढें कोणीकडे सरकणार, हें मुलास नकाशावर दाखवावयास सांगावें. हवामान खात्याचे चार रंग घरांत सर्वांस पाठ असावे : हिरवा म्हणजे चिंता नाहीं, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारी करा, तांबडा म्हणजे आतां हालचाल करा. ‘कमजोर झालें’ असें ऐकल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा : वारा कमजोर झाला, कीं पाऊसही?

शिंगाची चकती खिशांत घेऊन जाणारा तो खलाशी एका शब्दाच्या आधारें आपलें जहाज भोंवऱ्याबाहेर काढी. आमच्या मुलांजवळ चकती नाहीं, पण नकाशा आहे, वार्ता आहे आणि शब्द आहे. पुढच्या भाद्रपदांत एखाद्या रात्रीं शाळेंत शिकणारें एखादें मूल घरीं म्हणेल, “बाबा, वादळ जमिनीवर आलें, पण पाऊस आपल्याकडे यायचा आहे, मोटार वर काढूं या,” आणि बाप उठून कंदील नव्हे तर बॅटरी घेऊन नदीकडे जाईल, तर आम्हीं ओढलेल्या तांबड्या रेघेचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.